आगु म्हणजे थांब

आदिलाबाद
१५ डिसेंबर १९९१

वच्छला,

तुझं कार्ड पोचलं. कार्डावर तीनच ओळी होत्या, तेव्हा उत्तराला एवढे दिवस लागायला नको होते. पण लागले.

गाडी तुझी आहे. त्यात वाद नाही. दिवाळीच्या आधी बाबांनी मला आणि आत्याला खाटेजवळ बसवून सांगितलं, "फियाट वच्छीले द्याची. तिलेच चालवता येते. तुमी दोघं नुसते बसनारे." मला गाडी चालवता येते हे तुला माहीत आहे, पण बाबांच्या मते येत नव्हती.  

तू लिहिलंस की संक्रांतीच्या सुट्टीत मुलीला घेऊन येशील, घरात पाऊल टाकणार नाहीस, आणि फाटकातूनच गाडी काढून निर्मलला नेशील. तेही तुझ्या मनासारखं होऊ दे. फक्त एक अडचण आहे, ती कळवण्यासाठी हे पत्र.

ब्रेकचं पेडल नरम झालं आहे. पाय ठेवला की उशीवर ठेवल्यासारखा आत जातो. दोन-तीनदा भराभर मारलं की मग कुठे ब्रेक लागतो. बाबांच्या अस्थी घेऊन आम्ही सोनला गोदावरीवर गेलो तेव्हा महबूब घाटात हे पहिल्यांदा ध्यानात आलं. सबंध उतार मी दुसऱ्या गिअरमध्ये काढला. आत्या शेजारी मांडीवर मडकं धरून बसली होती, तिला मी सांगितलं नाही. जाताना-येताना निर्मलवरूनच गेलो. तुझ्याकडे थांबलो नाही. आत्या सोबत होती.

त्या घाटातून तुला आणि मुलीला या ब्रेकवर पाठवणं मला पटत नाही. गाडी बत्तीस वर्षांची आहे, आत कुठेतरी रबर गेलं असणार. दुरुस्त झाली की लगेच कळवीन.

बाबा जायच्या आदल्या दिवशी तू आलीस तेव्हा मी कचेरीत होतो. आत्याने तुला दारातूनच "झोपला हाय, उद्या ये" म्हणून परत लावलं, हे मला संध्याकाळी समजलं. पहाटे बाबा गेले. मग तू आलीस, अंगणात बसलीस, आणि त्यांना उचलल्यावर घरात न येता गेलीस. यावर मी काही लिहीत नाही. आई गेल्यावर आपल्याला आत्यानेच वाढवलं, हेही लिहीत नाही. तुला दोन्ही माहीत आहे.

थंडी फार आहे. मुलीला जपावं.

केशव


आदिलाबाद
२२ डिसेंबर १९९१

वच्छला,

काम झालं. गाडी केव्हाही ने.

लिंगन्ना मेकॅनिकला घरीच बोलावलं. त्याने मास्टर सिलिंडर खोललं, चारही चाकांचे ड्रम काढले. आतले रबराचे वॉशर झिजून लिबलिबीत झाले होते. सगळे नवे घातले. मग नळ्यांतली हवा काढायची राहिली.

हवा काढायला एक माणूस चाकाशी आणि एक पेडलवर लागतो. पूर्वी बाबा खाली आडवे व्हायचे आणि तू पेडलवर असायचीस. मावल्याच्या तळ्यापर्यंत एक चक्कर मारायला मिळावी म्हणून तू हे काम आनंदाने करायचीस. या वेळी पेडलवर मी होतो. लिंगन्ना खालून तेलुगूत "तोक्कु" म्हणाला की दाबायचं, "पट्टु" म्हणाला की धरून ठेवायचं, "वदुलु" म्हणाला की सोडायचं. बॉनेट उघडं होतं आणि ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलेलं होतं, कारण तेल कमी झालं की वरून ओतावं लागतं.

एक गंमत झाली ती सांगतो. मधेच चाकावरची नळी निसटली आणि तेल त्याच्या तोंडावर उडालं. तो ओरडला, "आगु! आगु!" म्हणजे थांब. मी थांबलो. पण घरातल्या एका माणसाला ते "आग, आग" असं ऐकू आलं. मडगार्डवर लिंगन्नाची जळती विडी ठेवलेली होती, तिचा धूर बॉनेटच्या बाजूने वर जाताना दिसला असावा. धुण्याच्या दगडाजवळची भरलेली बादली आली ती थेट इंजिनावर. मी दचकलो आणि काय झालं ते कळायच्या आत पाच-सहा वेळा पेडल मारून बसलो.

लिंगन्ना बाहेर आला. डोक्यावरून पाणी, तोंडावर तेल. म्हणाला, "अय्यो! मी आगु म्हनलो. आग कुठं आहे?"

तो हसला, मीही हसलो. ज्या माणसाने पाणी टाकलं ते माणूस हसलं नाही, आत निघून गेलं.

मग डबी पुसली, तेल भरलं, उरलेली हवा काढली. आता पेडल दगडासारखं लागतं. अंगणातून फाटकापर्यंत चारदा नेली, एक बोट इकडे-तिकडे नाही. लिंगन्ना म्हणतो, "तुमच्या बहिनीला सांगा, पाय हळू ठेवायचा. नाई तर डोकं काचेवर जाते."

तेव्हा तू सुट्टीची वाट पाहू नकोस. येशील त्या दिवशी मी रजा घेईन आणि किल्ली फाटकावर आणून देईन.

केशव


आदिलाबाद
३० डिसेंबर १९९१

वच्छला,

मागचं पत्र मिळालं असेल. त्यात लिहिलं होतं तसं करू नकोस. गाडी न्यायला अजून येऊ नकोस.

तुला द्यायच्या आधी एकदा घाट उतरून पाहावा म्हणून काल एकटाच गेलो. नेरडीगोंड्यापर्यंत ब्रेक उत्तम. घाटाच्या वरच्या वळणांवरही उत्तम. पुढे कापसाचा एक लॉरीवाला सावकाश उतरत होता, त्याच्या मागे मला सारखा ब्रेक दाबावा लागला. अर्ध्यावर आल्यावर पेडल सैल वाटलं. पुढच्या वळणाला पाय ठेवला तर थेट फळीपर्यंत खाली गेलं. मारून पाहिलं, काही नाही. हँडब्रेक ओढला, गिअर खाली टाकला, तरी लॉरी जवळ येतच होती, म्हणून गाडी डोंगराकडच्या मातीच्या बांधाला लावली. बंपर वाकला. मला काही झालं नाही.

थोडा वेळ तिथेच बसलो. मग पायी खाली जाऊन चहा घेतला. परत येऊन पेडल दाबलं तर पुन्हा दगड. जणू काही घडलंच नव्हतं. मी बॉनेट उघडून पाहिलं, चारही चाकांपाशी वाकून पाहिलं. कुठेही तेलाचा थेंब गळालेला नाही.

आज लिंगन्नाला गाडी दाखवली. त्याने पेडल दाबलं, पुन्हा दाबलं, माझ्याकडे पाहिलं.

"साब, गाडीला काई नाई झालं."

"मग काल काय झालं?"

"तुमच्या पायात भेव शिरलं. घरात मयत झालं की असं होते. माझा मामा वारला तर मी महिनाभर सायकल हातात धरून चाललो."

मी त्याला म्हटलं, माझ्याबरोबर घाटात चल. तो म्हणाला, संक्रांतीनंतर. त्याच्याकडे तीन जीपा उघड्या पडल्या आहेत.

काल घाटातून घरी आलो तेव्हा आत्या ओसरीवर होती.

"उशीर काऊन झाला?"

"सहजच."

"अन् बंपर बी सहजच वाकला?"

  जेवायला वाढताना म्हणाली, "वच्छीची पोट्टी जानार हाय म्हनते त्याच गाडीनं?" मी हो म्हटलं. तिने माझ्या ताटात नको असताना आणखी एक भाकर टाकली.

पेडल गरम उतारावर खाली जातं आणि गार झाल्यावर परत येतं. हे काय आहे ते मला कळत नाही. पण कळेपर्यंत तू त्या गाडीत बसायचं नाहीस.

केशव


आदिलाबाद
६ जानेवारी १९९२

वच्छला,

शनिवारी तुझे पोशेट्टी येऊन गेले. येण्याचं कळवलं असतं तर मी घाटात जायची तयारी ठेवली असती. ते घरात आले नाहीत, मीही आग्रह केला नाही. फाटकातच मी त्यांना सगळं सांगितलं. ते गाडीत बसले, पेडलवर पाय ठेवला, उचलला, ठेवला. इंजिन सुरू करून अंगणात पुढे-मागे घेतली. पेडल दगडासारखं लागत होतं.

"भैया, बहुत बढिया ब्रेक है," ते म्हणाले. "हमारे ऑफिस की जीप का भी ऐसा नहीं."

मी म्हटलं, "ठंडी गाड़ी में ऐसाच लगता है. घाट में देखना पड़ता."

ते हसले. वाईट हसले नाहीत. पण ज्या माणसाचं ऐकून घ्यायचं आणि मानायचं नाही असं ठरवलेलं असतं, त्याच्यासमोर हसतात तसं. दुपारच्या बसला वेळ झाला म्हणून ते गेले. आत्या दाराच्या आत उभी होती. ते गेल्यावर म्हणाली, "मानूस सरळ हाय वाटते." तुमच्या लग्नापासूनच्या नऊ वर्षांत त्यांच्याबद्दल तिच्या तोंडून आलेलं हे पहिलं वाक्य आहे. मी ते तुला कळवण्यासाठी लिहीत नव्हतो, पण लिहिलं गेलं.

आज तुझं पत्र आलं. तू लिहितेस की नऊ वर्षांत मी तुला एक कार्ड टाकलं नाही आणि आता एका पेडलसाठी पत्रावर पत्र येत आहे. ते खरं आहे. तू लिहितेस की गाडी द्यायची नाही म्हणून मी बिघाड तयार केला आहे, आणि हा बिघाड असा हुशार आहे की दुसऱ्या कुणी पाय ठेवला की नाहीसा होतो. तुझ्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. तू लिहितेस की त्या दिवशी "झोपला हाय, उद्या ये" म्हटलं, आणि आता "ब्रेक नाही, पुढच्या महिन्यात ये" म्हणत आहेत. या घरात तुला देण्यासारखं जे काही असतं ते नेहमी उद्या असतं, असंही लिहितेस.



तू सोमवारी, तेरा तारखेला, सकाळच्या बसने येणार आणि गाडी घेऊनच जाणार असं लिहिलं आहेस. मी किल्ली लपवून ठेवीन असं तुला वाटत असेल तर ठेवणार नाही. बाबांनी गाडी तुला दिली आहे, तुला अडवायचा मला अधिकार नाही. पण एक कर. मुलीला आणू नकोस. एवढं तरी माझं ऐक. मला अजून आठवडा आहे.

केशव


आदिलाबाद
९ जानेवारी १९९२

वच्छला,

कारण सापडलं. हे पत्र तुला वेळेत मिळावं म्हणून आजच टाकतो आहे.

मागच्या चाकाच्या हवा काढायच्या निपलमधून थोडं ब्रेक ऑइल मी काढून घेतलं आणि दुकानातून एक नवा डबा आणला. दोन्ही तेलं डोळ्यांना सारखीच दिसतात. गरम झाल्यावर बिघडतं, तर गरम करून पाहू, असा साधा विचार केला. आत्याच्या फोडणीच्या पळीत आधी नवं तेल घातलं आणि स्टोव्हवर धरलं. ते बराच वेळ शांत राहिलं. मग पळी पुसून चाकातलं तेल घातलं. ते थोड्याच वेळात उकळू लागलं. बारीक बुडबुडे, मग मोठे.

आत्या पळी खराब केली म्हणून ओरडायला आली होती. ती वाकून पाहत राहिली. मग तिने ताटली आणून पळीवर आडवी धरली आणि उलटी करून मला दाखवली. ताटलीला खालून पाण्याचे थेंब लागले होते.

"पानी हाय याच्यात," ती म्हणाली.

"तेलात पाणी कुठून येणार?"

 स्टोव्ह तिनेच बंद केला. पाटावर बसली आणि म्हणाली, "केशवा, हे माह्यं पानी हाय. माह्या बादलीचं."

मागच्या एका पत्रात मी 'घरातल्या एका माणसाला आग असं ऐकू आलं' एवढंच लिहिलं होतं. ते माणूस आत्या होती. तिचं नाव घातलं तर तू तिने मुद्दाम केलं असं समजशील म्हणून मी घातलं नाही. पाणी उघड्या डबीत पडलं, मी दचकून पेडल मारलं आणि तेच पाणी नळ्यांत ओढून घेतलं. लिंगन्नाने डबी पुसली, पण नळ्यांतलं पाणी तिथेच राहिलं. गाडी गार असताना ते तेलात मिसळून गप्प बसतं. घाटात चाकं तापली की त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं. गार झाली की वाफेचं पुन्हा पाणी. पोशेट्टींनी पाहिलं ते खरं होतं आणि मी सांगितलं तेही.

तू म्हणशील, इतकी वर्षं आदिलाबादेत राहिलेल्या बाईला आगु म्हणजे काय ते कळत नाही? कळायला हवं होतं. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आंधी समजत व्हतं थोडंथोडं. बाजारातलं, बसमधलं. वच्छीनं त्याच्यासंगं लगीन केलं तवापासून मी ते कानात घेनंच सोडलं. कोनी तेलुगू बोललं की मी दुसरंच कायतरी मनात म्हनत राह्यतो. अन् मंग सवयच लागली."

मी म्हटलं, हे वच्छलाला कळवायचं की नाही?

"ती म्हनन, म्हातारीनं जानूनबुजून केलं."

"मग नाही लिहीत."

"लिव. नाई लिवलं तं ते तसंच नळीत राह्यते." मग म्हणाली, "दारात केलं ते मातर जानूनच केलं व्हतं. मले वाटलं, एक दिस तरी तिले कळू दे, वाट पाह्यनं काय असते. मले काय ठाव, त्याले उद्याच नाई म्हनून."

हे तिने सांगितलं तसं लिहिलं आहे. ते कसं घ्यायचं ते तू ठरव.

काल संध्याकाळी लिंगन्ना आला. मी पळीतलं सांगितल्यावर पायातल्या भेवाबद्दल पुन्हा बोलला नाही. सगळं तेल काढून टाकलं, नळ्या स्पिरिटने धुतल्या, वॉशर पुन्हा नवे घातले. त्याने अट घातली की तेलाच्या डबीपाशी एक माणूस उभा हवा आणि त्याने तिथून हलायचं नाही. तो मी. मग पेडलवर कोण?

आत्या म्हणाली, "मी बसतो."

ती नऊवारीचा काष्टा सावरून स्टिअरिंगमागे बसली. पाय पुरेना, तेव्हा पाठीमागे बाबांची उशी घातली. खालून लिंगन्ना म्हणाला, "अम्मा, तोक्कु."

"मराठीत सांग ना रे. तुले येते तं."

"अम्मा, मराठीत बोललो तर माझा हात चुकते. तोक्कु म्हनजे दाब."

"तोक्कु," आत्या म्हणाली आणि दाबलं.

"पट्टु म्हनजे धर. वदुलु म्हनजे सोड."

"अन् आगु म्हंजे थांब," आत्या म्हणाली. "तेवढं आता पाठ हाय."

लिंगन्ना हसून हसून खोकायला लागला. आत्याचा चेहरा हलला नाही. पण चारही चाकं होईपर्यंत तिने एकदाही चूक केली नाही. शेवटच्या चाकाला तर तो म्हणायच्या आधीच तिचा पाय तयार असायचा. उतरताना गुडघा धरून म्हणाली, "हे काम वच्छी करे न् बाप्पा. लहान पोरीच्या पायाचं काम नाई हे."

पेडल दगडासारखं लागतं आहे. पण ते याआधीही लागत होतं. म्हणून घाट उतरल्याशिवाय मी काही म्हणणार नाही, आणि तू सोमवारी यायच्या आत तो उतरायला हवा.

केशव


निर्मल
१२ जानेवारी १९९२

वच्छला,

हे मी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहितो आहे. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी पानाची टपरी आहे, तिच्या पलीकडे चिंचेखाली गाडी उभी आहे. टपरीवाल्याच्या हातून हे पत्र पाठवतो.

आज सकाळी घाट उतरायला निघालो. मी एकटाच जाणार होतो. आत्या आधीच पुढच्या सीटवर बसलेली होती. मी म्हटलं, तू कशाला? ब्रेक गेला तर?

"गेला तं माह्या पान्यानं जाईन. मी नाई बसनार तं कोन बसनार?"

घाटात शिरल्यावर मी मुद्दाम ब्रेक तापवत होतो. उतारावर वेग येऊ द्यायचा, दाबायचं, सोडायचं, परत दाबायचं. आत्या रस्त्याकडे पाहत नव्हती, माझ्या पायाकडे पाहत होती. मी जरा विसावलो की म्हणायची, "दाब. अजून दाब." चाकांचा वास येऊ लागला. ज्या वळणावर मागे पेडल गेलं होतं तिथे मी गाडी थेट उभीच केली. पेडल जागच्या जागी. खाली पोचलो तेव्हाही तसंच.

मी म्हटलं, झालं. ती म्हणाली, "एकदा तं कोनीबी उतरते. वर चाल."

पुन्हा वर गेलो. वरच्या वळणाला उतरून तिने स्वतः चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला, ती तापलेलीच आहेत ना. मग पुन्हा खाली उतरलो. दुसऱ्या उताराला समोर बस आली, तिला जागा द्यायला मला एकदम थांबावं लागलं. गाडी थांबली. आत्याचा हात डॅशबोर्डवर आपटला आणि ती म्हणाली, "हां. आता लागला."

खाली आल्यावर मी गाडी आदिलाबादकडे वळवू लागलो. तिने विचारलं, "वापस नेऊन काय करशीन? उद्या ती येनार, अन् लेकरू घेऊन हाच घाट उतरनार. इथूनच तिचं घर जवळ नाई का?"

म्हणून इथे आलो. ब्रेक चांगला आहे. उद्याची बस तू धरू नकोस, घाट उतरायचा होता तो गाडीने उतरून झाला आहे. तुला मी सांगितलेलं खरं वाटलं की नाही, हा प्रश्न आता उरत नाही. गाडी तुझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि किल्ली या पत्रासोबत आहे.

माझा विचार असा होता की किल्ली पाठवावी आणि आम्ही दोघांनी दुपारच्या बसने निघून जावं. तू आम्हांला बोलावलेलं नाहीस आणि आम्ही आपण होऊन येणार नाही. तसं मी आत्याला म्हटलं. ती म्हणाली, "तू जाय बसनं. मी बसून राह्यतो."

"किती वेळ?"

"ती येऊन उतर म्हनन तोवर."

"आणि नाही म्हणाली तर?"

"दारातून वापस लावलं तं लावू दे. तिचा हक हाय. पन मले तिच्याच तोंडून आयकाचं हाय. तेलुगूत बोलली तरी चालन."

मी दार उघडून धरलं तरी ती उतरली नाही. पदर डोक्यावरून घेऊन समोर पाहत बसली आहे. टपरीवाल्याने पाणी विचारलं, तेही नको म्हणाली.

तेव्हा गाडी तुझी आहे आणि ती तू केव्हाही नेऊ शकतेस, पण पुढच्या सीटवर आत्या आहे हे आधी कळवलेलं बरं. काय करायचं ते तू आणि पोशेट्टी मिळून ठरवा. तू नाही म्हणालीस तर मी तिला समजावून बसमध्ये बसवीन. फक्त फार उशीर करू नकोस. ऊन आता तिच्या बाजूला आलं आहे, त्या दाराची काच खाली होत नाही, आणि ती ते मला सांगणार नाही.

केशव